दोन मिनिटांत चार वेळा

आत्याच्या घरातला एक कोपरा वाय-फायशी फटकून वागतो, आणि तिची खिडकीजवळची खुर्ची नेमकी त्याच कोपऱ्यात आहे. व्हिडिओ कॉल लागला की समोरच्याचा चेहरा थिजतो, तोंड अर्धवट उघडं राहतं आणि आत्या शांतपणे म्हणते, "गेला बघ परत." 'ते कॉम्प्युटरचं काय ते हिला कळतं' अशी घरात माझी ख्याती, म्हणून काम माझ्याकडे आलं. ही ख्याती मिळवायला फार काही लागत नाही. कधीतरी एकदा कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिला की ती मिळते आणि मग जन्मभर पुरते.

मी माझ्या फोनवर वाय-फाय तपासणारं एक अ‍ॅप उतरवून घेतलं. अशी अ‍ॅप्स दिसायला छान असतात. आसपासच्या प्रत्येक नेटवर्कची एक रंगीत कमान, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर नाव. खाली यादी, यादीत सिग्नलची ताकद सांगणारे, उणे चिन्ह असलेले आकडे. उणे ३० म्हणजे अगदी उशाशी, उणे ८० म्हणजे जेमतेम. घरभर फिरायचं, आकडा कुठे पडतो ते बघायचं, झालं निदान.

राउटरपाशी उभी राहिले. उणे ४१. आत्याला जरा समजावून सांगितलं, मग निघाले. दारात उणे ४१. बोळातून जाताना उणे ४१. खिडकीजवळ, त्या कुप्रसिद्ध खुर्चीत बसले, तरी उणे ४१.

"आत्या, इथे तर झकास आहे सिग्नल."

"मग चेहरे का थिजतात?"

आकड्यावर माझा विश्वास होता, आत्याच्या अनुभवावर नव्हता. म्हणून मी दोष कॉलच्या अ‍ॅपला दिला, मग तिच्या फोनला दिला. माझा फोन खुर्चीच्या हातावर ठेवून तिचा घेतला आणि त्यातल्या नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग्ज पुसून टाकल्या. त्यासोबत तिने वर्षानुवर्षं साठवलेले वाय-फायचे पासवर्डही पुसले गेले, हे तिला मी दोन दिवसांनी सांगितलं. कॉल तसाच अडकला. शेवटी राउटर बंद करून चालू करावा म्हणून फोन उचलला, राउटरपाशी गेले, आणि सहज पडद्याकडे नजर गेली. राउटर हातभर अंतरावर होता आणि आकडा होता उणे ७४.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हा आकडा इथला नव्हताच, खुर्चीतला होता. आणि मघाशी खुर्चीत दिसलेला उणे ४१ हा राउटरपाशी घेतलेला. घरभर मी एक शिळा आकडा हातात घेऊन फिरत होते, आणि तो ताजा समजून आत्याशी वाद घालत होते.

हे माप ज्यांच्या परिचयाचं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते की डीबीएमच्या या मोजणीत आकडा दहाने खाली गेला की शक्ती दहाव्या हिश्शावर येते. उणे ४१ आणि उणे ७४ यांत जवळजवळ २०००पटींचा फरक आहे. थोडीथोडकी चूक नव्हती ती.

कारण शोधलं तर ते अगदी उघड, गूगलने विकासकांसाठी, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी, लिहून ठेवलेलंच निघालं. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून पडद्यावर उघडं असलेलं अ‍ॅप दर दोन मिनिटांत फक्त चार वेळा वाय-फायची पाहणी, म्हणजे स्कॅन, करू शकतं. मागे, पडद्याआड चालणाऱ्या सगळ्या अ‍ॅप्सना मिळून अर्ध्या तासात एकदा. पडद्याआडच्यांना बांध घालायला सुरुवात त्याआधीच्या वर्षी, अँड्रॉइड ८ मध्ये झाली होती. ९ मध्ये ती वेसण पडद्यावरच्यांनाही आली. शिवाय पाहणी सुरू करण्याचा जो हुकूम अ‍ॅप फोनला देतं, त्यावर 'हा पुढे काढून टाकला जाईल' असा शिक्काही मारला गेला.

माझं अ‍ॅप दर पाच सेकंदांनी पाहणी मागत होतं. पहिल्या वीस सेकंदांत, मी राउटरपाशी उभी राहून आत्याला कमानी समजावत होते तेवढ्यात, चारही वेळा संपल्या. पुढे ते मागत राहिलं, फोन नकार देत राहिला. नकार कसा, तर निव्वळ 'नाही' असं एक उत्तर, तेही अ‍ॅपच्या कानात. मी काही ऐकलं नाही. पडद्यावर मागचीच यादी होती, तितकीच रंगीत आणि तितक्याच ऐटीत.

सरासरी काढली तर तीस सेकंदांना एक पाहणी. तीस सेकंदांत रमतगमत चालणारा माणूसही घराच्या या टोकापासून त्या टोकाला पोचतो. एका खोलीत उभं राहून थांबायचं, मग दुसऱ्या खोलीत जाऊन थांबायचं, असं केलं तर निभतं. पण हे करायचं असतं हे मला माहीत हवं ना.

पहिल्यांदा राग आला. फोन माझा, अँटेना माझी, हवेतल्या लहरी तर कुणाच्याच मालकीच्या नाहीत, आणि मी किती वेळा बघायचं हे दुसराच कुणी ठरवतो. हा राग पुरता गेलेला नाही. मात्र त्याची टोकं पुढे बरीच बोथट झाली, आणि ती कशी ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

पाहणी म्हणजे नुसतं डोळे उघडून बघणं, अशी माझी समजूत होती. तशी ती नसते. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा, नेमकं सांगायचं तर बहुधा दर १०२.४ मिलिसेकंदांनी, एक छोटीशी दवंडी पिटतो: मी अमुक, माझा वेग तमुक, कुलूप या प्रकारचं. या दवंडीला बीकन म्हणतात. फोनने ती ऐकायची तर ती ज्या वाहिनीवर, म्हणजे चॅनेलवर, येते तिथे त्याला तेवढा वेळ कान लावून थांबावं लागतं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जगात बहुतेक ठिकाणी १३ वाहिन्या आहेत. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये त्याहून जास्त. प्रत्येकीवर दहावा हिस्सा सेकंद थांबायचं म्हटलं तरी एका फेरीला तीन-चार सेकंद जातात.

वेळ वाचवायचा तर फोन थांबण्याऐवजी स्वतःच हाक मारतो, 'कोण आहे का इथे?' आणि उत्तराची क्षणभर वाट पाहून पुढे सरकतो. पण ५ गिगाहर्ट्‌झमधल्या काही वाहिन्या हवामानाच्या रडारशी वाटून घेतलेल्या आहेत. तिथे फोनने आधी ओरडायचं नाही, मुकाट ऐकायचं असा दंडक आहे. नव्याने खुल्या झालेल्या ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तर, तो पूर्ण खुला आहे तिथे, २० मेगाहर्ट्‌झच्या ५९ वाहिन्या मावतात. एवढी दारं कोण ठोठावणार? म्हणून त्यातल्या १५ वाहिन्या मुद्दाम पाहणीसाठी पसंतीच्या ठरवल्या आहेत. म्हणजे पाहणी आवरती घेण्याचा विचार वाय-फायच्या रचनेतच मुरलेला आहे, तो काही एका कंपनीच्या डोक्यातून निघालेला नाही.

आणि सगळ्यात गंमतीचा भाग पुढेच आहे. फोन एका वाहिनीवर बोलत असताना दुसऱ्या वाहिनीवर कान कसा लावणार? तर तो आपल्या राउटरला थाप मारतो. 'मी जरा झोपतो' असा एक निरोप पाठवतो. राउटर बिचारा त्याच्यासाठी आलेली माहितीची पाकिटं बाजूला राखून ठेवतो. फोन तेवढ्यात शेजारच्या वाहिन्यांवर चक्कर मारून येतो, 'जागा झालो' म्हणतो आणि राखलेली पाकिटं उचलतो. हे इतक्या झटपट होतं की वेबपान वाचताना कळतसुद्धा नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र कळतं. आता दर पाच सेकंदांनी अशी थाप मारणारं अ‍ॅप फोनमध्ये चालू असेल तर? आणि अशी दहा अ‍ॅप्स असतील तर? चेहरे थिजवणारा एक हात पाहणीचाही असू शकतो, हे कळल्यावर मी थोडी वरमलेच. निदान करायला गेलेला वैद्यच रोग्याच्या छातीवर बसलेला.

बॅटरीचं कारण सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. प्रत्येक पाहणी म्हणजे रेडिओ जागा, प्रोसेसर जागा. त्यावर अधिक लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही.

आत्याने विचारलेला प्रश्न मात्र अधिक लिहिण्यासारखा होता. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्याने ठिकाण जाणून घेण्याची परवानगी मागितली होती, आणि ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"अगं, हे वाय-फाय बघणार ना? मग त्याला माझा पत्ता कशाला हवा?"

मी तेव्हा "मागतात गं सगळेच" असं म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर मला नंतर उमगलं: त्याला पत्ता नको असतो, त्याला जे हवं असतं तोच पत्ता असतो.

प्रत्येक राउटरला एक ४८ बिटांचा क्रमांक असतो आणि तो दवंडीबरोबर जातो. नाव बदललं तरी तो सहसा बदलत नाही. राउटर फार फिरतही नाहीत, वर्षानुवर्षं एकाच फळीवर धूळ खात असतात. कुणी जगभर हिंडून 'या क्रमांकाचा आवाज या अक्षांश-रेखांशावर ऐकू येतो' अशी वही भरून ठेवली, तर पुढे कुठल्याही फोनने 'मला हे पाच आवाज ऐकू येतात' एवढंच सांगितलं तरी तो कुठे उभा आहे हे वहीतून काढता येतं, तेही कित्येकदा काही मीटरांपर्यंत. उपग्रह लागत नाहीत. भिंतीआड उपग्रहांचं काही चालत नाही, तिथे तर ही वहीच कामाला येते.

अशी वही भरणारी विगल नावाची हौशी मंडळींची चळवळ २००१ पासून चालू आहे. स्कायहूक ही कंपनी याच कल्पनेवर २००३ मध्ये उभी राहिली. पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतं, आणि जानेवारी २००८ मध्ये त्याच्या नकाशावर 'तुम्ही इथे आहात' दिसू लागलं ते स्कायहूकच्या वहीमुळे आणि मोबाइल टॉवरांच्या आधाराने. रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या गूगलच्या गाड्याही छतावर कॅमेऱ्याबरोबर वाय-फायचा कान घेऊन फिरत होत्या. मे २०१० मध्ये गूगलला कबूल करावं लागलं की त्या कानाने राउटरांच्या दवंड्यांबरोबरच उघड्या, कुलूप नसलेल्या नेटवर्कांवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेही टिपले होते. त्यावरून अनेक देशांत चौकश्या बसल्या.

पण मला जास्त बोचलं ते एक छोटं प्रकरण. इनमोबी ही मोबाइलवर जाहिराती पुरवणारी कंपनी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा की ज्यांनी ठिकाण सांगायला चक्क नकार दिला होता, त्यांचंही ठिकाण ही कंपनी आसपासच्या वाय-फायवरून ओळखत होती. जून २०१६ मध्ये ९,५०,००० डॉलर दंडावर ते मिटलं. दार लावून घेतलेल्या माणसाच्या खिडकीतून आत डोकावणं, दुसरं काय? पूर्वी अँड्रॉइडवर वाय-फायची यादी वाचायला ठिकाणाची परवानगी लागतच नसे. ती अट आली २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये. पुढे ९ मध्ये फोनचं ठिकाण चालूच हवं असं झालं, आणि १० मध्ये ढोबळ ठिकाणाची परवानगी पुरेनाशी झाली, अचूक ठिकाणाचीच लागू लागली. त्यामुळे आज एखादं साधं वाय-फायचं अ‍ॅप ठिकाण मागतं तेव्हा लोक बिचकतात, आत्यासारखे भुवया उंचावतात. खरं तर पूर्वी गुपचूप चालायचं ते आता तोंडावर विचारलं जातं, एवढाच बदल. माणसाला विचारण्याचाच संशय जास्त येतो, हे मात्र खरं.

याच ओघात अँड्रॉइड ६ ने अ‍ॅप्सना फोनचा स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे राउटरला असतो तसाच ४८ बिटांचा क्रमांक, सांगणंही बंद केलं. विचारलं की सगळ्यांना एकच उत्तर, ०२:००:००:००:००:००. हे उत्तर मला फार आवडतं. नकार देण्याची ही रीत सभ्य आहे. कुणाचाही गैरसमज होत नाही, बघणाऱ्याला तत्क्षणी कळतं की हा खरा क्रमांक नव्हे, दाराची पाटी कोरी ठेवली आहे. पाहणीच्या बाबतीत नेमकं हेच केलं असतं तर? अ‍ॅपला मिळणाऱ्या यादीत प्रत्येक नोंद कधी घेतली त्याची वेळ असते. शिळं काय आणि ताजं काय हे अ‍ॅपला कळू शकतं. माझ्या अ‍ॅपला कळत असणार, पण सांगावंसं वाटलं नाही. कमान फिकट करायची होती, कोपऱ्यात 'दीड मिनिटापूर्वीचं' असं लिहायचं होतं. फोनने बांध घातला याचं मला आता फारसं वाईट वाटत नाही. बांधापलीकडे पाणी वाहतंय असं चित्र रंगवून दाखवलं, याचं वाटतं.

आयफोनवर हा घोळच नाही, कारण तिथे यादीच नाही. आत्याचा फोन आयफोन. त्यावर असं अ‍ॅप मिळतं का म्हणून शोधलं तर वेग मोजणारी, घरातली जोडलेली यंत्रं दाखवणारी बरीच सापडली, पण शेजारपाजारच्या कमानी दाखवणारं एकही नाही. पूर्वी होती. मार्च २०१० मध्ये अ‍ॅपलने ती दुकानातून काढून टाकली, कारण ती अ‍ॅपलने बाहेरच्यांसाठी खुले न केलेले अंतर्गत दरवाजे वापरत होती. खुले दरवाजे नव्हतेच, त्यामुळे प्रश्न मिटला. तेव्हापासून आजतागायत सर्वसाधारण अ‍ॅपला आसपासची यादी मिळायची सोय नाही. २०१९ च्या आयओएस १३ पासून तर आपण सध्या ज्या नेटवर्कवर आहोत त्याचं नाव वाचायलाही ठिकाणाची परवानगी किंवा तशीच काही खास पात्रता लागते.

अपवाद आहे, आणि तो मोठा मासलेवाईक आहे. अ‍ॅपलचं स्वतःचं 'एअरपोर्ट युटिलिटी' नावाचं अ‍ॅप आहे, त्यांच्या राउटरांसाठी बनवलेलं. ते राउटर अ‍ॅपलने २०१८ मध्ये विकणं बंद करायचं ठरवलं. अ‍ॅप मात्र राहिलं. त्याच्या सेटिंग्जमध्ये आत एक बटण आहे, ते चालू केलं की वाय-फाय स्कॅनर उघडतो, नावं, क्रमांक, आकडे सगळं दाखवतो. बंद पडलेल्या दुकानाच्या मागच्या दाराने आत गेलं की जे पुढच्या दारी मिळत नाही ते मिळतं. आत्याच्या फोनवर मी ते उतरवलं तेव्हा तिने विचारलं, "हे चोरून आहे का?" मी म्हटलं, "नाही गं, मालकांचंच आहे."

आणि इथेच माझ्या रागाचं एक टोक अजून टोचतं. बांध अ‍ॅप्सना आहे, मालकांना नाही. अँड्रॉइडच्या ठिकाणविषयक सेटिंग्जमध्ये 'वाय-फाय स्कॅनिंग' असं एक बटण असतं. ते चालू असेल तर वाय-फाय बंद करून ठेवलं तरी ठिकाण काढण्यासाठी फोन पाहणी करू शकतो. मी बघितलं तेव्हा माझ्या फोनवर ते चालूच होतं, मी चालू केल्याचं मला काही आठवत नव्हतं. जगभरच्या फोनांच्या अशा ऐकण्यातून गूगलच्या आणि अ‍ॅपलच्या वह्या भरत असतात. २०११ मध्ये आयफोनच्या पोटात वाय-फाय ठिकाणांची आणि टॉवरांची बरीच मोठी नोंद साठून राहिलेली सापडली होती, तेव्हाही त्या वहीचीच चर्चा झाली. २०२४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अ‍ॅपलच्या सेवेला एका राउटरचा क्रमांक विचारला तर ती त्याच्याबरोबर शेजारच्या ४०० पर्यंत राउटरांची ठिकाणं हातावर ठेवत असे. मला माझ्याच घरातला आकडा दोन मिनिटांत चार वेळा, आणि तिकडे एका प्रश्नाला ४०० उत्तरं. मोठ्यांच्या घरचं सगळंच मोठं.

खासगीपणासाठी लावलेलं कुलूप योग्यच आहे असं मला वाटतं. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने कुलपाचं श्रेय जरा बेताने घ्यावं, एवढंच.

ज्यांचं नुकसान झालं ते बहुतेक सज्जन लोक होते, हेही नोंदवायला हवं. इमारतीच्या आत वाट दाखवण्याचं काम घ्या. इमारतीतल्या वायरलेस सिग्नलांच्या ठशावरून माणूस नेमका कुठे आहे हे काढण्याचा रडार नावाचा प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली मांडला, आणि त्यावर कित्येक विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे इमले उभे राहिले. ठसा घ्यायचा तर पुन्हा पुन्हा पाहणी हवी. तीस सेकंदांना एक ठसा मिळाला तर चालणाऱ्याला कोण वाट दाखवणार? बांध आला त्याच अँड्रॉइड ९ मध्ये राउटरपर्यंतचं अंतर थेट मोजायची, एक-दोन मीटरपर्यंत अचूक अशी नवी सोयही आली, पण त्यासाठी राउटरही तसा लागतो आणि घरोघरचे राउटर सहसा तसे नसतात. पुढच्या वर्षी, अँड्रॉइड १० मध्ये, थोडी माघार घेतली गेली. विकासकांसाठीच्या छुप्या पानात बांध उठवायचं एक बटण आलं. ते पान उघडायला फोनच्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या माराव्या लागतात. चार वेळा बघण्याच्या बंदीतून सुटायला सात टिचक्या. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल कोण जाणे.

मी मारल्या. बांध उठवला. पाच-पाच सेकंदांनी कमानी श्वास घेतल्यासारख्या वरखाली होऊ लागल्या, आणि मी परत घरभर फिरले. राउटरपाशी उणे ४०, दारात उणे ५२, बोळात उणे ६३, खुर्चीत उणे ७५. आत्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

मग ध्यानात आलं की एवढी यातायात करायची गरजच नव्हती. ज्या नेटवर्कला फोन जोडलेला असतो त्याचा आकडा फोन दर काही सेकंदांनी स्वतःहून मोजतच असतो, त्यावर हा बांध नाही. जोडलेल्या नेटवर्कचं वेगळं पान त्याच अ‍ॅपमध्ये होतं. मला आत्याच्या राउटरचीच खबर हवी होती, आणि मी कमानी सुंदर दिसतात म्हणून सगळ्या आसपासच्या घरांची हजेरी घेत बसले होते.

दुखणं साधं होतं. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीलगत ठेवला होता, 'दिसायला बरं दिसत नाही' म्हणून. तो कपाटावर चढवला. खुर्चीत उणे ६१ आलं. आत्याने लगेच कॉल लावला, समोरचा चेहरा हलत राहिला, आणि ती माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत राहिली, जणू कपाटावर तिनेच चढवलाय.

कॉल संपल्यावर ती माझ्या फोनमधली यादी बघू लागली. तेवीस नावं होती. कुणाचं आडनाव, कुणाच्या मुलीचं असावं असं लाडकं नाव, कुणी राउटरच्या कंपनीचं नाव तसंच ठेवलेलं, एकाने पासवर्ड विचारू नये असा दम नावातच भरलेला.

"हे सगळे आजूबाजूचे?"

"हो."

"म्हणजे त्यांनाही माझं दिसतं?"

"दिसतं. आणि नकाशावाल्यांनाही दिसतं." मग मी तिला वहीची गोष्ट सांगितली. तीत आपलं नाव नको असेल तर एक तोडगा आहे, तोही सांगितला. नेटवर्कच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि 'नोमॅप' असं इंग्रजीत लिहायचं, मग गूगल तो राउटर वहीतून वगळतं. २०११ पासून ही सोय आहे. अ‍ॅपलने ती मार्च २०२४ मध्ये मानली. मायक्रोसॉफ्टचा शब्द वेगळा, त्यांना 'ऑप्टआउट' लागतं. नोमॅप शेवटीच हवं म्हणून दोघांना खूश ठेवायचं तर ऑप्टआउट आधी आणि नोमॅप नंतर, अशा दोन शेपट्या लावायच्या.

"म्हणजे मला त्रास देऊ नका, हे मीच सांगायचं? प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत?"

"हो."

"लाव मग. पण नाव मराठीत हवं. 'माझं माजघर'."

हे काही बसेना. नेटवर्कच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन, आणि काना, वेलांटी, अनुस्वार सगळ्यांचे पैसे वेगळे. दोन शेपट्यांचे १३ गेले, उरले १९. 'माझं माजघर' याचेच २८ होत होते. मी कागदावर आकडेमोड करून दाखवली, आत्याने चष्मा लावून ती तपासली, आणि म्हणाली, "माझं काढ. माजघर आहे म्हटल्यावर कुणाचं ते कळतंच."

पंधरा आणि तेरा, अठ्ठावीस. बसलं. मग नाव बदललं म्हणून घरातली सगळी यंत्रं सुटली, आणि ती एकेक करून पुन्हा जोडत संध्याकाळपर्यंत बसले. तिच्या फोनमधून मी परवा पुसलेल्या पासवर्डांची गोष्टही त्याच ओघात तिला सांगून टाकली. प्रिंटरला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याच्या इवल्याशा पडद्यावर यादीत सगळ्यात वर पाच चौकोनी डबे दिसत होते, आणि त्यांच्या मागे दोन इंग्रजी शेपट्या.

"हेच आपलं," आत्या म्हणाली, "दाब."